लांब पल्ल्याचे देणे

भोपाळच्या मोठ्या तलावाच्या काठाकाठाने रेतघाटापासून लालघाटीकडे जो रस्ता गेला आहे, आणि ज्याला सारे शहर व्ही. आय. पी. रोड म्हणून ओळखते, त्या रस्त्यावर मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत तांबडे फुटण्यापूर्वीच धावणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. डाव्या हाताला अकराव्या शतकात राजा भोजाने बांध घालून अडविलेले ते अफाट पाणी आणि पाण्यातल्या बुरुजावर उभा केलेला त्याचा पुतळा. उजव्या हाताला फतेहगढचा जुना परिसर, जेथे आज हमीदिया रुग्णालय आणि गांधी वैद्यकीय महाविद्यालय आहे. आणि त्याच्याही पलीकडे ईदगाह टेकडी, जिच्यावर जवाहरलाल नेहरू कर्करोग रुग्णालय आहे. एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला इस्पितळे, अशा या वाटेने धावणारा मनुष्य आपल्या श्वासाच्या आणि पावलांच्या हिशेबात गढून गेलेला असतो. टेकडीवरच्या रुग्णकक्षात त्याच वेळी एखादी आई लेकराच्या रक्ततपासणीच्या अहवालाची वाट पाहत बसलेली असते. या दोघांची गाठ घालून देण्याची एक रीत गेल्या चाळीसेक वर्षांत जगभर रूढ झाली आहे. धावणाऱ्याने आपल्या शर्यतीच्या निमित्ताने आप्तेष्टांकडे, सहकाऱ्यांकडे, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे हात पसरायचा, आणि जमलेली रक्कम रक्ताच्या कर्करोगाने पीडित असलेल्यांसाठी झटणाऱ्या संस्थेकडे रुजू करायची, अशी ती रीत.

तिचा आधुनिक आरंभ १९८८ सालचा मानतात. न्यूयॉर्कजवळ वेस्टचेस्टर येथे राहणाऱ्या ब्रूस क्लीलँड या गृहस्थांच्या लहानग्या मुलीला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झाला. ती उपचारांनी बरी होऊ लागली तेव्हा त्यांनी अडतीस जणांचा चमू उभा करून त्या वर्षीच्या न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये उतरविला आणि ३ लाख २२ हजार डॉलर जमवून ल्युकेमिया संस्थेला दिले. त्या अडतिसांतून पुढे ‘टीम इन ट्रेनिंग’ हा कार्यक्रम वाढला, आणि दानासाठी धावणे ही कल्पना देशोदेशीच्या शर्यतींनी उचलली. १९९० पासून बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये डेना-फार्बर कर्करोग संस्थेसाठी धावणाऱ्यांचा जथाही उतरू लागला. वर्तमानपत्री लेखांत ही कथा येथूनच सुरू होते. परंतु मॅरेथॉन, रक्ताचा कर्करोग आणि दानधर्म या तिहींचा योग त्याच्या अर्धशतकाहून अधिक काळ आधी आपल्याच मुलखात, एकाच घरात, जुळून आलेला होता. आणि तो जुळला तेव्हा त्याची जाणीव कोणालाही नव्हती, म्हणून तो सविस्तर सांगितला पाहिजे.

१९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या वार्षिक क्रीडासंमेलनास सर दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून उपस्थित होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत जे उतरले होते त्यांत खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांची पोरे पुष्कळ होती. पायांत काही नाही, धावण्याचे शास्त्र ठाऊक नाही, शिकविणारा कोणी नाही, आणि असे असूनही त्यांच्या वेळा युरोपातील नावाजलेल्या धावपटूंच्या वेळांशी तुलना करण्याजोग्या निघाल्या, हे पाहून दोराबजी चकित झाले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्याकडे त्यांनी शब्द टाकला, ऑलिंपिक समितीची मंजुरी मिळविण्याची खटपट केली, आणि खर्चाचा भार मोठ्या प्रमाणात स्वतः उचलून १९२० च्या अँटवर्प येथील ऑलिंपिकसाठी हिंदुस्थानचा पहिला चमू रवाना केला. त्या चमूत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते, सदाशिव दातार होते. दोघांनीही मॅरेथॉन धावली. त्या वर्षीचे अंतर ४२.७५ किलोमीटर होते, म्हणजे ऑलिंपिकच्या इतिहासातील सर्वांत लांब. दातारांना शर्यत पूर्ण करता आली नाही, चौगुल्यांनी ती २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. बेळगावच्या मातीत वाढलेला एक तरुण परक्या देशात त्या अंतराला सामोरा गेला आणि फिनलंडच्या कोलेहमायनेनसारख्या विजेत्याच्या मागे अवघ्या अठरा मिनिटांच्या फरकाने पोहोचला, या गोष्टीचे स्मरण आपल्याकडे फारच थोड्यांना आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दोराबजींच्या पत्नी लेडी मेहरबाई या स्वतः टेनिस खेळणाऱ्या, आणि तेही साडी नेसून. बालविवाहाच्या प्रथेविरुद्ध आणि स्त्रियांच्या शिक्षणासाठी सार्वजनिक कार्य करणाऱ्या. त्यांना ल्युकेमियाने गाठले आणि जून १९३१ मध्ये वेल्समधील एका शुश्रूषागृहात त्यांचे निधन झाले. त्या काळी या व्याधीवर वैद्यकाकडे म्हणण्यासारखे काहीच नव्हते. पत्नीवियोगाने खचलेल्या दोराबजींनी एप्रिल १९३२ मध्ये लेडी टाटा मेमोरियल ट्रस्टची स्थापना केली, आणि त्याच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा ल्युकेमियावरील संशोधनासाठी, मग तो संशोधक जगाच्या पाठीवर कोठलाही असो, राखून ठेवला. त्यानंतर दोन महिने उलटले नाहीत तोच, ३ जून १९३२ रोजी, ते स्वतः जर्मनीत वारले. मेहरबाईंच्या गळ्यातील ज्युबिली हिरा, जो १९२४ च्या आर्थिक अरिष्टात टाटांच्या पोलाद कारखान्यातील कामगारांचे पगार भागविण्यासाठी बँकेकडे गहाण पडला होता, तो त्यांच्या पश्चात विकला गेला आणि त्याचे पैसे सर दोराबजींच्या नावाने उभ्या राहिलेल्या न्यासाकडे जमा झाले. त्या न्यासाने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उघडले. मेहरबाई या होमी भाभांच्या आत्या. तेच रुग्णालय १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे सोपविले गेले तेव्हा त्या खात्याची सूत्रे भाभांच्याच हाती होती.

१९८३ साली याच रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी ल्युकेमिया झालेल्या एका लहान मुलीवर भारतातील पहिले अस्थिमज्जारोपण केले. बालपणी पोलिओ झाल्यामुळे डॉ. अडवाणी चाकांच्या खुर्चीत बसून वावरतात, आणि ज्याला स्वतःला पाऊलही टाकता येत नाही त्याने एवढी लांबची वाट कापली, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

आता रोगाविषयी. तीव्र लिंफोब्लास्टिक ल्युकेमिया हा मुलांमध्ये आढळणारा सर्वांत सामान्य कर्करोग. १९४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी सोळा मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध दिले आणि त्यांपैकी दहा मुलांचा रोग काही काळापुरता का होईना ओसरला. ते औषध ज्यांच्या देखरेखीखाली तयार झाले ते येल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रातील भीमावरमचे. पुढे मर्कॅप्टोप्युरीन आले, व्हिन्क्रिस्टीन आले. हे व्हिन्क्रिस्टीन आपल्या अंगणातल्या सदाफुलीचेच सत्त्व. शेकडो किलो वाळल्या पानांतून जेमतेम ग्रॅमभर हाती लागते. (म्हणून कोणी सदाफुलीची पाने चावून कर्करोग बरा करू पाहील तर त्याच्या पदरी विषबाधाच येईल, हे कळकळीने सांगतो, असे सल्ले देणारे आजही भेटतात.) आज पुढारलेल्या देशांत अशा दहा मुलांपैकी नऊ मुले बरी होतात, आणि त्यांना दिली जाणारी मूळ औषधे जुनी आहेत, बहुतेक भारतात तयार होतात आणि फारशी महागही नाहीत. मग आपल्याकडची मुले का दगावतात?

याचे उत्तर उपचाराच्या कालावधीत दडलेले आहे. पहिला महिना-सव्वा महिना कडक औषधांचा असतो, आणि तो पार पडला की दहांपैकी नऊ मुलांच्या रक्तात सूक्ष्मदर्शकाखाली रोगाचा मागमूस दिसत नाही. मूल हसू लागते, जेवू लागते, केस पुन्हा उगवू लागतात. परंतु रोग गेलेला नसतो, तो दबा धरून बसलेला असतो. म्हणून त्यापुढे कित्येक महिने टप्प्याटप्प्याने इंजेक्शने, पाठीच्या मणक्यातून द्यावयाचे औषध, आणि नंतर जवळजवळ दोन वर्षे रोजच्या गोळ्या, असा क्रम चालूच ठेवावा लागतो. नर्मदापुरम (पूर्वीचा होशंगाबाद), रायसेन वा विदिशा जिल्ह्यातील एखाद्या शेतमजुराने मुलाला बरे झालेले डोळ्यांनी पाहिले, हातातली जमापुंजी संपली, पेरणी तोंडावर आली, घरी दुसरी लेकरे आजीच्या हवाली आहेत, अशा वेळी तो मुलाला घेऊन गावी परततो आणि पुन्हा येत नाही. डॉक्टरांच्या दप्तरात याची नोंद ‘उपचार अर्ध्यावर सोडला’ अशी होते. काही महिन्यांनी रोग उलटतो, आणि तो उलटल्यावर मात्र जुन्या औषधांना दाद देत नाही.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी टाटा रुग्णालयात येणाऱ्या मुलांपैकी पाचांतील एकाच्या जवळपास मूल असे मध्येच उपचारांतून गळत असे. तेथील बालकर्करोग विभागाने औषधांबरोबर निवारा, आहार, प्रवासखर्च, रक्ताची सोय आणि न आलेल्या कुटुंबाला दूरध्वनी करून परत बोलावणारी माणसे, या सगळ्याची तरतूद संघटितपणे केली, त्यासाठी ‘इम्पॅक्ट’ हे प्रतिष्ठान उभे राहिले, आणि गळतीचे हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास उतरले. नवे औषध न शोधता, यंत्रसामग्री न आणता, केवळ भाडे, जेवण आणि विचारपूस यांच्या बळावर मुले वाचली. धावणाऱ्यांनी जमविलेल्या पैशाचे खरे स्थान येथे आहे, असे माझे ठाम मत आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा रुग्णालय यांनी मिळून विकसित केलेल्या नेक्सकार १९ या पेशी-उपचाराला २०२३ साली परवानगी मिळाली, ही अभिमानाची गोष्ट खरी. पण त्याचा खर्च लाखोंच्या घरात जातो, आणि असे संशोधन पेलण्यास सरकार आणि मोठे न्यास समर्थ आहेत. धर्मशाळेतल्या खोलीचे भाडे भरण्यास मात्र कोणतीही सरकारी योजना सहसा धावून येत नाही. आयुष्मान भारत योजनेने २०१८ पासून गरीब कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांची हमी दिली, आणि तिने पुष्कळांचे प्राण वाचविले. परंतु बापाची बुडालेली मजुरी त्या हमीत बसत नाही.

भोपाळ स्थानकावर दिवस कलताना पंजाब मेलची वाट पाहणाऱ्यांत मुंबईच्या टाटा रुग्णालयाकडे निघालेली अशी कुटुंबे ओळखू येतात. १९१२ पासून चालणारी ही गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी दादरला पोहोचविते. मुलाच्या तोंडाला मुसके, डोक्याला कानटोपी, आणि आईच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळलेली ती जाडजूड फाइल. तिच्यात तपासण्यांचे कागद, रक्तपेढीच्या पावत्या, शिधापत्रिकेची छायाप्रत आणि सर्वांत वर रुग्णालयाच्या सहीशिक्क्याचा रेल्वे सवलतीचा दाखला. कर्करुग्णाला शयनयान वर्गात आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीत पूर्ण भाडे माफ आहे, सोबत जाणाऱ्या एकाला पाऊण. दुसरा पालक बरोबर असेल तर त्याचे तिकीट मात्र पुरे भरावे लागते. बाप गाडी येईपर्यंत तो दाखला दोनदा तीनदा काढून पाहतो. दादरला उतरल्यावर ज्यांचे कोणी नाही ते गाडगे महाराजांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेची वाट धरतात, नाहीतर परळला नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्णसेवा सदनात चौकशी करतात; आणि जागा मिळाली नाही तर काही कुटुंबे रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर पथारी पसरतात. ते दृश्य ज्याने एकदा पाहिले त्याला खोलीचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

भोपाळच्या मराठी समाजाला या वाटेची ओळख जुनी आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले, सचिवालय नागपुराहून येथे आले आणि बदलीच्या हुकमांबरोबर नागपूरकडची कारकून-अधिकारी मंडळी सहकुटुंब येथे येऊन राहिली; ग्वाल्हेर-इंदूरचीही आली; हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्याने आणखी आणली. त्यांचे नातेवाईक दादर-गिरगाव-ठाण्यास असत, आणि दुखणे मोठे निघाले की मुंबईच्या कोणा मावशीच्या दोन खोल्यांत गादी घातली जाई. असे मावशीचे घर ज्यांना नाही, त्यांच्याकरिताच हा सारा खटाटोप.

मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, दरवर्षी जानेवारीत होते, आणि तिच्या द्वारे आजवर निरनिराळ्या सेवाभावी संस्थांना ४०० कोटी रुपयांहून अधिक निधी मिळाला आहे. कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनसारख्या संस्थांच्या नावाने तेथे लोक धावले आहेत. या संस्थेच्या एका कामगिरीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियावरील इमॅटिनिब या गोळीच्या पेटंटला तिने हरकत घेतली, खटला वर्षानुवर्षे चालला, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीचा दावा फेटाळला. त्यामुळे महिन्याला सव्वा लाखाच्या घरात पडणारे औषध भारतीय कंपन्यांकडून आठ-दहा हजारांत मिळण्याची वाट खुली राहिली, आणि त्या किमती नंतर आणखी उतरल्या. हा रोग झालेली माणसे आज रोज एक गोळी घेऊन नोकऱ्या करतात, संसार करतात, आणि डॉक्टरांच्या अनुमतीने काहीजण शर्यतीतही धावतात.

भोपाळमध्ये धावण्याचा विचार करताना आणखी एक गोष्ट मनात आल्यावाचून राहत नाही. १९८४ च्या डिसेंबरातील २ आणि ३ तारखांमधल्या रात्री या शहराचे हजारो लोक जुन्या वस्त्यांतून प्राणाच्या आकांताने धावत सुटले, आणि धावल्यामुळे त्यांच्या छातीत कारखान्यातून सुटलेला तो विषारी वायू अधिकच खोल गेला. त्या आपत्तीचे दूरगामी परिणाम कळावेत म्हणून १९८६ साली गांधी वैद्यकीय महाविद्यालयात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या कार्यक्रमाखाली कर्करोग नोंदणी सुरू झाली. शहरातील प्रत्येक कर्करुग्णाची नोंद त्या दप्तरात व्हावी, असा तिचा उद्देश. कोणाचा रोग वायूमुळे आणि कोणाचा नाही याचा निवाडा एकेका रुग्णाच्या बाबतीत करता येणे कठीण आहे, आणि तो वाद येथे मांडण्याचे प्रयोजनही नाही. मात्र ज्या शहराला आपल्या रुग्णांची अशी शिस्तबद्ध मोजदाद करण्याची परंपरा आहे, त्या शहराने आपल्या शर्यतींचा पैसाही तितक्याच शिस्तीने त्यांच्यापर्यंत नेला पाहिजे, हे कर्तव्य मला स्पष्ट दिसते. ‘रन भोपाल रन’च्या रूपाने येथे धावण्याची हौस रुजली आहे, तलावाची वाट आहे, तरुण आहेत, आणि उपचार देणारी रुग्णालयेही येथेच आहेत. माझी सूचना अशी की येथील प्रत्येक शर्यतीच्या प्रवेशशुल्कातील ठरावीक वाटा, आणि धावणाऱ्यांनी स्वतंत्रपणे जमविलेली देणगी, ल्युकेमियाच्या मुलांच्या निवाऱ्यासाठी आणि प्रवासासाठी वेगळ्या खात्यात जमा व्हावी, त्या खात्याचा जमाखर्च दरवर्षी छापून प्रसिद्ध व्हावा, आणि शर्यत संपल्यावर ‘एवढे कोटी जमले’ असे सांगण्याऐवजी ‘एवढ्या मुलांनी उपचार पूर्ण केले’ असे सांगण्याची पद्धत पडावी.

पैशाने भागत नाही अशी एक गरजही आहे. कडक औषधांच्या काळात रुग्णाच्या रक्तातील बिंबिका, ज्यांना रुग्णालयात सारेच प्लेटलेट म्हणतात, इतक्या घटतात की हिरडीतून, नाकातून रक्त वाहू लागते, आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचे भय असते. बाहेरून दिलेल्या प्लेटलेटवाचून तेव्हा गत्यंतर नसते, आणि त्या साठवून ठेवता येतात फक्त पाच दिवस, तेही वीस ते चोवीस अंश तपमानात, सतत हलत्या तबकावर. म्हणजे दिवाळी असो की परीक्षेचे दिवस असोत, दाता रोज नवा लागतो. सणासुदीला दाते गावी गेलेले असतात आणि रुग्णाचे नातेवाईक अनोळखी शहरात दारोदार फिरत असतात. यंत्राद्वारे केवळ प्लेटलेट काढून घेऊन उरलेले रक्त दात्याच्या शरीरात परत सोडण्याची सोय आता आहे. तास-दीड तास एका खुर्चीत बसावे लागते, इतकेच. नियमित धावणारा निरोगी मनुष्य या दानास बहुधा योग्य ठरतो. मात्र मोठी शर्यत तोंडावर असेल तर रक्तपेढीतील डॉक्टरांना आधी विचारावे. मूळपेशींच्या दानाचे तसेच. रुग्णाच्या एका सख्ख्या भावंडाशी ऊतींचा पूर्ण मेळ बसण्याची शक्यता चारांत एक असते, बाकीच्यांना परक्याकडे पाहावे लागते. २००९ पासून काम करणाऱ्या दात्रीसारख्या नोंदवह्यांत गालाच्या आतील लाळेचा एक नमुना देऊन नाव घालता येते, आणि एवढ्या मोठ्या देशात अशी नावे अजून काही लाखांच्या पलीकडे गेलेली नाहीत.

दिवाळी सरली की थंडी पडेल आणि शर्यतींचे अर्ज निघतील. वाचकांपैकी जे धावतात त्यांनी अर्ज भरताना संयोजकांना एवढेच विचारावे की देणगी कोणत्या संस्थेस जाते, कोणत्या कामासाठी जाते आणि मागील वर्षाचा हिशेब कोठे पाहावयास मिळेल. उत्तर समाधानकारक असेल तर दहा ओळखीच्यांकडे निःसंकोच हात पसरावा. ज्यांच्याकडे कोणी असा हात पसरील त्यांनी शंभर रुपये असोत वा हजार, पावती घेऊन द्यावेत. आणि ज्यांना धावणे शक्य नाही, पण वय अठरा ते साठच्या दरम्यान आहे, वजन पन्नास किलोंहून अधिक आहे आणि प्रकृती धडधाकट आहे, त्यांनी आपल्या गावच्या रक्तपेढीत जाऊन प्लेटलेट दात्यांच्या यादीत आपले नाव आणि दूरध्वनी क्रमांक याच महिन्यात नोंदवावा.